ठिपकीनं उबवलेलं वांगं

कोंबड्या माणसांशी बोलायच्या, त्या काळची गोष्ट. हौसाबाईच्या परसात ठिपकी नावाची कोंबडी होती. तिनं घातलेलं अंडं हौसाबाई रोज गरम असतानाच उचलून न्यायची. शेवटी ठिपकी उबवायच्या ओढीनं खुडूक झाली आणि बियाण्यासाठी राखलेलं एक पांढरं वांगं झाडाखाली गळून पडलं होतं, त्याच्यावरच जाऊन बसली.

हौसाबाईनं तिला उचलून बादलीत बुचकळलं. खुडूक मोडायला असंच करतात. ठिपकी अंग झटकून पुन्हा तिथंच.

"अगं येडे, वांगं आहे ते!"

"ठाऊक आहे," ठिपकी म्हणाली. "अंडी तू नेतेस. पोटाखाली काहीतरी नको का मला?"

हौसाबाईनं बादली बाजूला ठेवली. तिच्यापुढं मूठभर ज्वारी टाकून ती घरात गेली.

वांगं कुजलं, मातीला मिळालं. ठिपकी हिरमुसून उठली. पुढं त्याच जागी कोवळी रोपं वर आली. सवयीनं ठिपकीचा पाय उकरायला उठला आणि तसाच थांबला. बाकीच्या कोंबड्या धावून आल्या, तेव्हा पिसं फुलवून तिनं त्यांना पार कुंपणापर्यंत पिटाळलं. त्या वर्षी हौसाबाईला वाफ्याभोवती काटे रोवावे लागले नाहीत.

रोज संध्याकाळी ठिपकी रोपांजवळ बसून, पिल्लांना बोलवावं तसं त्यांना बोलवायची. परसातल्या कोंबड्याला तिची कीव आली.

"इतक्या हाका मारतेस. एक तरी येतं का गं?"

"येत नाही," ठिपकी म्हणाली आणि तिनं पंख आणखी जरा पसरले. "पण उचलून तरी कुणी नेत नाही."