आडकाठी आणि बोलका रांजण

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्यातल्या नदीचं नाव आज कुणालाच सांगता येत नाही, आणि जे सांगतात ते थापा मारतात. मुलांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही बसा. ही गोष्ट खरं तर तुमच्यासाठीच आहे आणि ती तुम्हाला आवडणार नाही.

नदीच्या काठी नावा बांधणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथे एक रीत होती. नवी नाव पाण्यात लोटण्याआधी तिच्या तोंडासमोर वाळूत एक काठी आडवी ठेवत. तिला म्हणत आडकाठी. काठी ठेवण्याचा मान ज्याचा, त्याने शंका काढायच्या आणि नाव बांधणाऱ्याने उत्तरं द्यायची. समाधान झालं की काठी उचलायची. आणि ज्याने उचलली, त्याने त्याच नावेत बसून पहिली फेरी मारायची. उचललीस ना, मग बस. त्यामुळे त्या गावात उगाच कुणी काठी उचलत नसे.

मान तेव्हा भिवराआक्काकडे होता. ती जाळी विणायची आणि जिभेने माणसं सोलायची. लग्नाच्या पंगतीत बसली की आधी भाताला नावं ठेवायची, मग तोच भात मागून मागून खायची. गावात ती कुणाला आवडत नसे. पण गावची एकही नाव कधी बुडाली नव्हती, हेही खरं.

गावातला सगळ्यात मोठा कारखाना नारोशेठचा. हा नारोशेठ लहानपणी दुसऱ्यांच्या नावांना राळ फासायचा. कष्टाने वर आला होता, डोकं तल्लख होतं आणि बसून राहणं त्याला ठाऊक नव्हतं. बायको लवकर गेली. घरात तो आणि त्याची मुलगी ठकू. ठकू हसायला लागली की कारखान्यातला ठोकाठोकीचा आवाजही मागे पडायचा. नारोशेठला जगात दोनच गोष्टी दिसत, नावा आणि ठकू.

एकदा एक फिरस्ता कुंभार आला आणि नारोशेठला एक रांजण देऊन गेला. पुरुषभर उंचीचा. त्याच्या तोंडाशी जे बोलाल ते तो आवाजासकट पोटात ठेवायचा आणि काही विचाराल तर पोटातल्या बोलांतूनच कालवून उत्तर द्यायचा. उत्तर गोड, स्वच्छ, न अडखळता.

नारोशेठने सगळ्या सुतारांना बोलावलं. "जे जे येतं ते याच्या तोंडात बोला," तो म्हणाला. सुतार भोळे. बोलले. कुठलं लाकूड कुठे, सांधा कसा भरायचा, काथ्या किती, राळ किती, बापाने काय सांगितलं, बापाच्या बापाने काय सांगितलं. थोरला सुतार हैबती तर दिवसचे दिवस बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं सगळं ऐकून घेत होतं.

बोलून झाल्यावर नारोशेठने हैबतीला घरी पाठवलं आणि काम हाताखालच्या पोरांवर सोपवलं.

"शेठ, माझं काही चुकलं का?" हैबतीने विचारलं.

"नाही रे. तुझं सगळं आता इथे आहे," नारोशेठ म्हणाला आणि त्याने रांजणाच्या पोटावर थाप मारली. "तू दमलास. आराम कर."

खोटं कशाला बोला, रांजणाने काम सोपं केलं. जिथे चार सुतार चार मतं देऊन दुपार घालवायचे तिथे आता एक उत्तर मिळायचं. रांजण रुसत नसे. सुट्टी मागत नसे. कारखान्यात फिरताना नारोशेठ मनाशी म्हणायचा, माणसं ठेवली की त्यांच्या तोंडासकट ठेवावी लागतात. आपल्याला हात हवे असतात. तोंडाची सोय आता झाली.

हळूहळू अख्खं गाव रांजणाशी बोलू लागलं. आमटीत काय घालू इथपासून सासूला काय उत्तर देऊ इथपर्यंत. पोरं प्रेमाच्या चिठ्ठ्या त्याच्याकडून वदवून घेत आणि पोरी त्या चिठ्ठ्यांची उत्तरंही त्याच्याकडूनच. ठकूही जाता येता तिथे थांबायची. आई असती तर जे आईला सांगितलं असतं, ते ती रांजणाला सांगायची.

आणि गावचे पंच. पारावर बसून बसून त्यांची बुडं सपाट झाली होती आणि पोरांनी कसं वागावं यावर बोलून बोलून जिभा लांब. रांजणाने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "आपल्यासारखा अनुभव या पंचक्रोशीत कुणाचा नाही." झालं. त्या दिवसापासून पंचांनी विचार करणं सोडलं. तसा विचार ते आधीही फारसा करत नव्हते. फक्त आता लाज वाटेनाशी झाली.

ठकूचं लग्न ठरलं. सासर नदीपलीकडे. नारोशेठने मनात घेतलं की आपली मुलगी गावात कधी बांधली गेली नाही अशा मोठ्या नावेतून जाईल, सगळं वऱ्हाड एकाच नावेत. पण कारखाना इतका जोरात चालला होता की वाळवून ठेवलेला साग संपला होता. नवा साग कालपरवा तोडलेला.

नारोशेठने रांजणाला विचारलं, "डोणीला ओलं लाकूड चालेल का?"

त्या गावात नावेला डोणीही म्हणत.

"चालेल," रांजण म्हणाला. "ओल्या लाकडाची डोणी चांगली टिकते. राळ जरा जास्त लावा, की झालं."

नारोशेठला हेच ऐकायचं होतं. नाव उभी राहिली. इतकी देखणी, की परगावची माणसं बघायला येत. ती काठावर उन्हात होती आणि तिच्या वरच्या फळ्या रोज थोड्या थोड्या आकसत होत्या. राळेखाली ते कुणाला दिसत नव्हतं.

नाव लोटायच्या दिवशी भिवराआक्का आली. तिने वाळूत काठी ठेवली, नावेला एक फेरी मारली आणि फळीला नाक लावलं.

"नारबा, लाकूड कुणी निवडलं?"

"रांजणाने सांगितलं."

"त्याने पाहिलं का लाकूड?"

"त्याला डोळे कुठे आहेत, आक्का. आम्ही सांगितलं त्याला."

"म्हणजे तुम्ही त्याला सांगितलं आणि त्याने तुम्हालाच परत सांगितलं." ती नाक पुशीत म्हणाली. "याला अजून झाडाचा वास येतोय. सांधे कुणी भरले?"

"पोरांनी. रांजण सांगेल तसे."

"मग त्यातला एक पोर आण माझ्यासमोर. हा सांधा माझा, असं छातीवर हात ठेवून म्हणणारा. कुणीही आण."

नारोशेठने मागे पाहिलं. पोरं एकमेकांकडे पाहत होती. कुणी पुढे आलं नाही. आळशी होती म्हणून नव्हे. सांधा आपला आहे, असं त्यांना खरोखरच वाटत नव्हतं.

"मी काही काठी उचलत नाही बाबा," भिवरा म्हणाली. "मला मरायची हौस नाही. पोरीला छोट्या जुन्या नावेतून ने. चार फेऱ्या जास्त मार."

"लग्न तोंडावर आहे, आक्का. पाणी चढायच्या आत जायला हवं. सगळं गाव बघतंय."

"गाव तर बघणारच. त्याला दुसरं काम काय."

नारोशेठ तडक पारावर गेला. थोरल्या पंचांनी दाढी कुरवाळली. या दाढीचं रांजण फार कौतुक करायचा.

"शंकाच काढायच्या ना?" पंच म्हणाले. "मग रांजणाला काढू दे की. भिवरेपेक्षा त्याला जास्त येतं. मान आता त्याचा."

"पण काठी उचलणाऱ्याने पहिल्या फेरीत बसायचं असतं," जमलेल्यांतून कुणीतरी म्हणालं.

"रांजण नावेत चढवायचा?" पंच हसले. "वाटेत फुटला म्हणजे? एवढी मोलाची वस्तू. रीत काळाप्रमाणे वाकवावी लागते, बाळांनो."

बाकीच्या पंचांनी माना हलवल्या. त्यांच्यातल्या एकालाही आपण काय बोललो ते ऐकू आलं नाही. रांजण फुटेल म्हणून काठावर ठेवायचा आणि पोरगी पाण्यात घालायची. हे शहाणपण म्हाताऱ्यांचं. पोरांनी असं काही केलं असतं तर पोरांच्या पाठीचं सालडं निघालं असतं.

दुसऱ्या दिवशी सोहळा व्हायचा होता. त्याआधी नारोशेठ एकटाच रांजणाजवळ गेला. "तू शंका काढशील, तर मी उत्तरं काय देऊ?" आणि रांजणाने त्याला उत्तरंही सांगितली. नारोशेठने ती पाठ केली. त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही. इतके दिवस सगळं असंच तर चाललं होतं.

सकाळी गाव काठावर जमलं. रांजणाला हार घातला होता.

"लाकूड पारखून घेतलं आहे काय?" रांजणाने विचारलं. आवाज हुबेहूब भिवराआक्काचा. लोक हसले, टाळ्या पडल्या.

"पारखून घेतलं आहे," नारोशेठ म्हणाला.

"सांधे जाणत्या हातांनी भरले आहेत काय?"

"जाणत्याच हातांनी."

"मग माझी शंका फिटली."

थोरल्या पंचांनी रांजणाच्या वतीने काठी उचलली. वतीने. हा शब्द त्या गावात त्या दिवसापर्यंत कुणी वापरला नव्हता.

वऱ्हाड लगेच नावेत चढलं. भिवराआक्का गर्दी कापत नावेतल्या ठकूपाशी गेली. "पोरी, उतर. बापाला वाईट वाटेल, वाटू दे. सासरी पायी जा, वळसा घालून जा, पण उतर."

ठकूने बापाकडे पाहिलं. नारोशेठ तिच्याकडे पाहून हसला. मग ती भिवरेला म्हणाली, "आक्के, बाबांनी बांधलीये ती. माझ्यासाठी." आणि बसून राहिली.

नारोशेठला उशिरा येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन मागून छोट्या नावेतून यायचं होतं. पंच तर आलेच नाहीत. त्यांची पंगत काठावरच मांडली होती.

मोठी नाव माणसांच्या भाराने खोल बसली. उन्हात आकसलेल्या वरच्या फळ्या पाण्याखाली गेल्या. राळ तडकली. नदीच्या मध्यावर नाव आधी थोडी कलली, मग गाणी थांबली, मग आरडाओरडा झाला आणि मग तोही थांबला. नारोशेठ छोट्या नावेतून वल्ही मारत राहिला. तो पोचला तेव्हा पाण्यावर हळदीच्या अक्षता होत्या. ठकूला नदीने परत दिलं नाही.

तो परतला तेव्हा हैबती सुतार काठावर धावत आला होता. नारोशेठने त्याची मान धरली. "तूच सांगितलं होतंस रांजणाला. डोणीला ओलं लाकूड चालतं म्हणून."

हैबती रडत होता. "शेठ, मी गुरांच्या डोणीबद्दल बोललो होतो. गोठ्यात पाणी पाजायची असते ती. तिच्यात सदा पाणी असतं, म्हणून लाकूड आकसत नाही. तिलाही डोणीच म्हणतात ना आपल्याकडे. तुम्ही मला विचारलं असतंत, तर मी लगेच सांगितलं असतं."

नारोशेठने मान सोडली. त्याला आठवलं, हैबती आपल्या दारावरून रोज जायचा. हाक मारायचा. आपण आतून फक्त हात हलवायचो.

पंच सांत्वनाला आले. काय बोलावं ते त्यांनी रांजणालाच विचारलं होतं आणि सगळे तेच बोलले, शब्दाला शब्द. मग दोष कुणाचा यावर ते बसले. सुताराने नाव बांधली नव्हती. पोरांनी सांगितलं तेवढंच केलं होतं. पंचांनी काठी फक्त वतीने उचलली होती. नारोशेठने रीतसर उत्तरं दिली होती. रांजणाला शिक्षा देता येत नव्हती. निवाडा झाला की दोष कुणाचाच नाही. भिवराआक्का पाराजवळून गेली, थुंकली आणि गाव सोडून गेली. तिला कुणी थांबवलं नाही.

नारोशेठ कुणीतरी आपल्याला शिव्या देईल याची वाट पाहत होता. कुणी दिल्या नाहीत. शेवटी तो रांजणापाशी जाऊन उभा राहिला.

"मी मारलं का रे तिला?"

"तुम्ही प्रेमळ बाप आहात," रांजण म्हणाला. "तुमचा दोष नाही. आणखी काय सांगू?"

तेही नारोशेठला ऐकायचं होतंच. आणि ते ऐकून त्याला जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. रांजण फोडावा म्हणून त्याने हातोडा उचलला. तेवढ्यात रांजण ठकूच्या आवाजात बोलला.

"बाबा, जेवलात का?"

हातोडा खाली आला, पण जमिनीवर. ठकूने सांगितलेलं सगळं त्या पोटात होतं. तिचं हसणंसुद्धा.

नारोशेठ खाली बसला. मग त्याने विचारलं, "पोचलीस का गं?"

"पोचले, बाबा. सासर फार चांगलं आहे."

खोटं आहे, हे त्याला कळत होतं. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं, तितकंच गोड. कारखान्यात गवत वाढलं, वल्ह्यांना वाळवी लागली, पोरं दुसऱ्या गावी कामाला गेली. नारोशेठ तिथेच बसून विचारत राहिला, आणि रांजण त्याला रोज सांगत राहिला की ती पोचली.

म्हणून ध्यानात ठेवा: ज्याचं स्वतःचं काहीही बुडत नाही, त्याच्या होकारावर आपलं माणूस पाण्यात घालू नये.