उरलेली चांदी

मुलांनो, ज्याच्या पोटात चांदी होती अशा एका डोंगराच्या पायथ्याशी जंगल होते आणि त्या जंगलात एक कोल्हीण राहत असे. मोठी काटकसरी! चघळून झालेले हाडही ती पुरून ठेवी आणि उठता-बसता पिलांना ऐकवी, "थेंबे थेंबे तळे साचे!" काटकसर वाईट नव्हे. पण ती कुठे करावी आणि कुठे करू नये, हे कोल्हिणीला कधी कळलेच नाही.

त्याच जंगलात अंगभर काटे असलेली एक म्हातारी साळू जखमांवर औषध देई. तिच्याजवळ एक कडू मुळी होती. "जखम भरली तरी थांबू नका, दिलेली मुळी पुरती संपवा," असे ती प्रत्येकाला बजावी. पण ऐकतो कोण! दुखायचे थांबले की सारे मुळी बाजूला टाकत. कोल्हीण तर उरलेली मुळी बिळात जपून ठेवी आणि कुणाला शिंक आली तरी एवढासा तुकडा कुरतडून देई. अंगातले डोळ्यांना न दिसणारे जंतू अशा अर्धवट मुळीने सगळे थोडेच मरणार? दुबळे मेले, दांडगे उरले आणि त्यांचीच पिलावळ जंगलभर पसरली. शेवटी मुळी कुणालाच लागू पडेना. जंतू खदखदून हसले. "ही मुळी? हिच्यावरच तर आम्ही लहानाचे मोठे झालो!"

अशात कोल्हिणीच्या थोरल्या पिलाचा पाय सडू लागला. तिने साळूचे पाय धरले. साळूने डोंगरातली चांदी आणली आणि दगडावर घासून घासून तिची पूड केली, इतकी बारीक की एकेक कण डोळ्यांना दिसू नये. ती पूड जंतूंची कातडी भेदून आत शिरली आणि पिलू उठून बसले. साळूचे पंजे मात्र सोलवटून निघाले होते. ती म्हणाली, "बाई गं, याच्यापुढे माझ्याजवळ काही नाही. सडक्या जखमेखेरीज ही कशालाही लावू नकोस. उरलेली परत आणून दे."

"आणते की, मावशी," कोल्हीण म्हणाली.

पण घरात आलेली चांदी परत करील ती कोल्हीण कसली! पुढे एके दिवशी ऊन-पाऊस एकदम आले, म्हणजे कोल्ह्याचे लग्न ठरलेलेच. थोरला बोहल्यावर चढला. "घरात चांदी असताना लेकाचे लग्न कोरडे करू की काय?" असे म्हणत कोल्हिणीने बोरांना वर्ख लावला, वऱ्हाड्यांच्या मिशा चमकवल्या. मग खरचटले तरी चिमूटभर, खाजले तरी चिमूटभर. ते पाहून शेजारीपाजारीही डोंगर उकरू लागले. सगळ्यांच्या अंगावरची चांदी ओढ्यात धुतली गेली आणि ओढ्यातून तळ्यात उतरली. जंतूंना मारायला ती फार थोडी होती. शिकवायला मात्र पुरेशी होती. थेंबे थेंबे तळे साचले ते असे.

मग धाकटीच्या पायात काटा रुतला आणि पाय सडू लागला. कोल्हीण मुळीच घाबरली नाही. तिने जपून ठेवलेली पूड काढली आणि जखमेवर लावली. काहीच झाले नाही. साळू धावत आली, रक्ताळल्या पंजांनी तिने ताजी पूड घोटली, तीही लावली. या वेळी जंतू हसलेसुद्धा नाहीत. त्यांना काही जाणवलेच नव्हते.

"आई, दादाला लावली होतीस ती लाव ना," धाकटी कण्हत म्हणाली.

"तीच लावली आहे गं, बाळा."

कोल्हीण साळूकडे वळली. "मावशी, दुसरे काहीतरी शोध! तू एवढी हुशार!"

"शोधीन," साळू म्हणाली. "पण तोवर तुझी लेक थांबायची नाही."

संध्याकाळ व्हायच्या आत धाकटी गेली. सारे जंगल सांत्वनाला लोटले. प्रत्येकाच्या मिशा चकचकत होत्या. शेजारची माकडीण कोल्हिणीच्या गळ्यात पडून खूप रडली. जाता जाता डोळे पुसून ती हळूच म्हणाली, "उरली असेल तर चिमूटभर पूड देतेस का? आमच्या बाळाला सकाळपासून शिंका येताहेत."

तात्पर्य : अर्धवट सोडलेले आणि उगाच घेतलेले औषध रोगालाच शहाणे करते, त्याचे मोल मात्र धाकट्यांना मोजावे लागते.