पांगाऱ्याची खुंटी

माळावर माणसाचं एकही घर नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका सकाळी घरं बांधणारी माणसं आली. वाटेतल्या एका शेताच्या कुंपणातल्या पांगाऱ्याच्या ओल्या फांद्या तोडून त्यांनी चार कोपऱ्यांत चार खुंट्या ठोकल्या आणि "महिन्याने कामाला लागू," म्हणून निघून गेली. एक खुंटी टिटवीच्या अंड्यांना अगदी खेटून होती. गेल्या वर्षीची अंडी चाकाखाली गेली होती.

"एकेकीला कुरतडून टाकते," घूस म्हणाली.

"नको घूसबाई, उद्या लोखंडाच्या आणतील," टिटवी म्हणाली.

"हळू बोला गं!" खुंटी खेकसली. "मी साहेबांची आहे. इथे बंगले होणार."

"हो का? साहेबांनी पाणी विचारलं का तुला?" टिटवी म्हणाली.

पोटाची पिसं तळ्यात भिजवून अंडी गार करायची, ही टिटवीची रीतच. आता ती थोडं पाणी खुंटीच्या बुडाशीही झटकू लागली. ते पाहून सशांनी आणि बगळ्यांनी उरलेल्या तिघी वाटून घेतल्या.

महिन्याने माणसं दोरी घेऊन आली.

"साहेब, खुंट्या दिसत नाहीत. इथे नुसती पालवलेली झुडपं आहेत."

"अरे, भलत्याच माळावर आणलंस मला!" साहेब वैतागले आणि गाडी वळवून गेले.

"का गं, साहेबांची ना तू?" घूस खुंटीला म्हणाली. "मग हाक नाही मारलीस ती?"

"हळू बोल," खुंटी पानांची सावली सावरत म्हणाली. "पिल्लं आत्ताच झोपलीत."