ठकूच्या कड्यावरची तीन बोटं

ओ पाव्हणं, पुढं जाऊ नका. हा ठकूचा कडा हाय. आधी तोंड उघडायचं, त्यात तीन बोटं उभी घालायची. मावली तर खाली बघून हाक मारायची, "ठकू, थांब गं!" मग खुशाल फोटो काढा. हसताय व्हय? हसा. सगळेच हसत्यात.

लई जुनी गोष्ट. या पठारावर म्हाकू धनगर मेंढरं राखायचा. त्याची हाक म्हणे अशी, की पल्याडच्या डोंगरावरचं मेंढरू चरायचं सोडून माघारी फिरायचं. बायको बाळंतपणात गेलेली. एकच पोरगी, ठकू. तवा रांगत होती.

एकदा घाटातनं एक फेरीवाला आला. त्याच्याकडं केवडा, वेलदोडा अन् गूळ लावलेली तंबाखू. डबा उघडला की देवळासारखा वास. म्हाकू म्हणाला, "तंबाखू आमच्यात कुणी खात न्हाय."

फेरीवाला बेणं होतं. म्हणाला, "ही कुठं तंबाखू? तुमच्या शेळीलाच विचारा की."

आता धनगरांचं कसं, नवा पाला दिसला की आधी शेळीपुढं धरायचा. तिनं तोंड फिरवलं तर ईख, खाल्ला तर चांगला. साध्या तंबाखूला शेळी शिंकून पळायची. हे गोड पान तिनं चाटून साफ केलं. झालं! शेळीनं निकाल दिला. अख्खा धनगरवाडा खायला लागला, म्हाकू बी. बाया दाताला लावायच्या, म्हातारे पाव्हण्यांच्या हातावर ठेवायचे. खालच्या गावातल्या तंबाखूवाल्यांना नावं ठेवायचे, वर म्हणायचे, "आमचं येगळं, आमचा नुसता वास हाय." शेळीनं वरचा गूळ चाटला, हे कुणाच्या टाळक्यातच आलं न्हाय.

वर्षं गेली. म्हाकूला आधी तिखट झोंबायला लागलं. मग गाल आतनं चामड्यागत ताठले. मग भाकरी दुधात कुस्करून खायची पाळी आली. शेवटी दातांत एक बोट बी शिरंना. हाकेची नुसती गुणगुण उरली. ठकू नऊ वर्षांची झालेली, लई आगाव. चिडवायची, "आबा, तुमचा भुंगा झालाय." मेंढरं आता तीच वळवायची.

एका आषाढात भर दुपारी धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसंना. म्हाकू घळीच्या त्या अंगाला, ठकू कोकरं घेऊन या कड्याच्या अंगाला. मधी उतरायला वाट न्हाय. कोकरांच्या घंट्या कड्याकडं सरकताना त्याला ऐकू येत होत्या.

"आबा, कुठनं येऊ? हाक मारा की!"

त्यानं जोर लावला. गुणगुण निघाली, ती वाऱ्यानं नेली.

"आबा, मस्करी नका करू. मला काय बी दिसंना!"

तवा म्हाकूनं काठीचं टोक दातांत घातलं अन् दोन्ही हातांनी दाबलं, असं सांगत्यात. दात मोडले. गाल फाटले. तोंड उघडलं एकदाचं, पण रक्तानं भरलेल्या गळ्यातनं जो आवाज आला, तो माणसाचा नव्हता.

पलीकडं पोरगी किंचाळली, "आबा, वाघ!"

अन् पळाली. त्या आवाजापासनं लांब, कड्याच्या दिशेनं. मागनं घंट्या पळाल्या. मग एकेक करून बंद झाल्या.

म्हाकू मग वळसा घालून इथं आला, तो पुन्हा हलला न्हाय. मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचा, त्याच्या तोंडापुढं तीन बोटं धरायचा, मग कड्याकडं दाखवायचा. त्याला जे म्हणायचं होतं, ते लोकांनी त्याच्यासाठी म्हणावं, एवढंच त्याचं मागणं.

आजही आमच्यात ज्याची तीन बोटं मावत न्हाईत, त्याच्या ताब्यात मेंढरं देत न्हाईत, पोरं बी देत न्हाईत. चांगली हाक गेली की खालनं घंट्या वाजत्यात म्हणे.

घाला बोटं, दादा. हां, मावली. मारा हाक.

माझी? माझी अडीच जात्यात. गोड सुपारीची पुडी हो, स्ट्रॉबेरीच्या वासाची. शाळेत सगळेच खायचे, आत तंबाखू हाय असं कुणाला वाटतं? म्हणून मी इथं हाक मारत न्हाय. गोष्ट सांगतो. मारा तुम्ही, जोरात मारा.