तीन टोचे

त्या मुलखात मेंढीचं दुखणं झाडावर लिहिलेलं असे. अंगावर ते कितीही वर्षं असो, झाडावर आलं की खरं धरायचं.

झाड बेहड्याचं, डोहाच्या काठावरचं. लिहिणारा सुतारपक्षी. बुंध्याचा वरचा भाग डोक्याच्या दुखण्यांचा, मधला पाठीपोटाचा, खालचा पायांचा. अंगावर गाठ निघाली तर एक टोचा म्हणजे साधी, दोन म्हणजे जिवावरची. आणि तीन टोचे म्हणजे कासवाने तपासली, पण कासवालाही उमगली नाही. हे कासव डोहाच्या तळाशी राही. ऐन उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वर येई आणि गाठ चाचपून काय ते सांगे. तोवर वाट बघायची. वाट बघणाऱ्या गाठीला झाडावर खूण नव्हती. तिची जागा कोरी ठेवायची, असा जुना रिवाज.

कळपात भोरी नावाची म्हातारी मेंढी होती. तिच्या उजव्या खांद्यामागे, लोकरीखाली, लिंबाएवढी गाठ होती. कधीपासून, ते तिलाही आठवत नव्हतं. दुखत नव्हती, वाढत नव्हती. कोकरांना उशीला बरी पडे. पोटची झाली, आईवेगळी झाली, सगळी तिथेच डोकं टेकून झोपली.

पळस फुलले तेव्हा बाभळीच्या काट्यांत भोरीची लोकर ओरबाडून निघाली आणि गाठ उघडी पडली.

"अगं बाई, हे काय घेऊन हिंडतेस?" शेजारची मेंढी म्हणाली, आणि बोलता बोलता दोन पावलं मागे सरली.

कळपाचा थोरला एडका भोरीला झाडाखाली घेऊन आला. तोही आईवेगळाच, भोरीच्या कुशीत वाढलेला.

"कुठे आहे?" सुतारपक्ष्याने विचारलं.

"खांद्यामागे, उजवीकडे."

"खांदा म्हणशील तर ओळ पायांची. पाठ म्हणशील तर मधली. नीट सांग."

तीनदा विचारून त्याने ओळ नक्की केली. ओळीत चूक त्याला खपत नसे.

"पाठ. आता कासव वर यायला दीड महिना आहे. जागा कोरी ठेवतो."

"कोरी नको," एडका म्हणाला. "कोरी जागा दिसली की कळपाला झोप लागत नाही. काहीतरी टोच."

"एक टोचू?"

"आणि उद्या वाईट निघाली तर? शिव्या मी खायच्या?"

"मग दोन."

एडक्याने खुरांनी माती उकरली. "दोन कसे? मावशी आहे माझी."

"मग राहिले तीन."

"म्हणजे आपल्याला ठाऊक नाही, एवढंच ना?"

"जवळजवळ," सुतारपक्षी म्हणाला.

भोरी पुढे झाली. "लेका," ती एडक्याला म्हणाली, "याच गाठीवर डोकं ठेवून वाढलास की. कधी लागली तुला?"

"मावशी, झाडावर आल्यावर माझ्या हाती काय राहतं?"

झाडावर तेव्हा काहीच आलेलं नव्हतं. मग चोच तीनदा वाजली.

कळपाने वाचायचं ते वाचलं. कासवालाही उमगली नाही म्हणजे ती गाठ केवढी भयंकर असेल! पाण्यातून लागेल, कुणी म्हणालं. श्वासातून लागेल, दुसरं म्हणालं. भोरीने डोहाला तोंड लावायचं नाही, खिंडीपलीकडे राहायचं, असं ठरलं. खिंडीपलीकडे नुसता मुरूम होता.

"कासव येईपर्यंत राहू द्या," भोरी म्हणाली. "सगळ्यांच्या मागून पिईन. उरलंसुरलं पिईन. त्याला बघू तर द्या."

"आता काय बघायचंय त्याने?" शेजारची म्हणाली. "बघून झालंय की. झाडावर आहे."

भोरी खिंडीपलीकडे गेली. पहाटे मुरमावरचे दगड चाटायची आणि दिवस वर आला की खिंडीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची, तिथून डोह दिसे म्हणून. कळप पाणी पिताना खाली मान घालून पिई. एके दिवशी खिंडीच्या तोंडाशी कुणी उभं नव्हतं.

त्यानंतर बारा दिवसांनी पाणी उतरलं आणि कासव वर आलं. झाडापाशी थांबून त्याने खालपासून वरपर्यंत बुंधा पाहिला.

"ही पाठीची गाठ मी कधी तपासली?"

एडक्याने खिंडीकडे पाहिलं. सुतारपक्ष्याने पंखात चोच खुपसली.

कासव खिंडीकडे निघालं. त्याच्या चालीने दोन दिवस लागले. भोरी मुरमावर पडून होती, तोंड डोहाकडे. कासवाने वाळलेल्या कातडीवर पाय ठेवला आणि हळूच दाबला.

"मऊ आहे," ते म्हणालं. मागोमाग आलेला एडका ऐकत होता. "कडा सुट्या. दाबली की पायाखालून सरकते. चरबी आहे ही, लेकरा. नुसती चरबी."

"मग हिला काय झालं होतं?"

"तहान."

परत यायला पुन्हा दोन दिवस. कासव डोहाच्या काठाशी ओल्या वाळूत बसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "आणखी कुणाला गाठ असेल तर या. पाणी चढेपर्यंत मी इथेच आहे."

ऊन चढलं. लोकर झडायचे दिवस. सगळा कळप काठावरच्या तापल्या खडकाला कूस लावून बसला होता, कुणी उजवी, कुणी डावी. पाणी दहा पावलांवर होतं. जिभा बाहेर आल्या होत्या, कोकरं ओरडत होती, पण एकही मेंढी उठत नव्हती. वर बेहड्यावर सुतारपक्षी चोच घासत होता. आणि सगळ्यांच्या मागे, खडकाच्या कपारीत, एडका पोटाची डावी बाजू दगडात दाबून, चारही पाय रोवून बसला होता.