हत्तीची हजार पाने

फार पूर्वी जनावरे लिहीत असत. कोणते काम कसे करावे, ते सागाच्या पानांवर लिहून एका ढोलीत ठेवत. ढोली सांभाळायला हत्ती होता. कुणी काही विचारले, की तो पहिल्या पानापासून वाचायला बसे. पाने हजार होती.

एकदा सुगरण धापा टाकत आली. "हत्तीकाका, घरटं फांदीवरून सुटतंय. आत दोन अंडी आहेत. धनी चोचीत घरटं धरून लोंबकळतायत. गाठ कशी मारायची, लवकर सांगा!"

हत्तीने पहिले पान उचलले. "मुंगीने वारूळ कसे करावे..."

"काका, मला गाठ हवी!"

"सोडलेल्या पानातच गाठ असली तर? मी आजवर एकही पान सोडलेलं नाही."

वरच्या फांदीवरची खार हसली. "ऐकून ऐकून मला पाठ झालंय. गाठ सातशेबाराव्या पानावर आहे." तिने पान ओढून दिले. सुगरण ते घेऊन उडाली.

गाठ बसली. नराने चोचीतून घरटे सोडले. "इतक्यात आलीस? मला वाटलं, पिल्लांना पंख फुटेपर्यंत असाच लटकणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्ती सुळ्याने झाडाच्या सालीवर कोरू लागला : वारूळ, पान एक. गाठ, पान सातशे बारा.

"म्हणजे माझं पटलं तर, काका!" खार म्हणाली.

"तू आज इथे, उद्या दुसऱ्या झाडावर. तुझा काय भरवसा?" हत्ती म्हणाला. "बडबड पुरे. मधाचं पान कितवं?"