धारेकडची जागा

पूर्वी अवंती देशात एक न्यायी राजा राज्य करीत होता. त्या काळी नर्मदेकाठच्या रानात बोधिसत्त्व हत्तीच्या जन्माला आला होता आणि एका मोठ्या कळपाचा नायक होता.

त्या कळपाची एक रीत होती. नदी ओलांडताना सगळ्यांत बळकट हत्ती वरच्या अंगाला, पाण्याला छाती लावून उभा राही. धारेचा जोर त्याच्यावर फुटे आणि त्याच्या आडोशाने पिल्ले पार होत. त्या ठिकाणाला धारेकडची जागा म्हणत. बोधिसत्त्वाच्या बहिणीचा, कुमुदेचा मुलगा अंजन याला तरुण वयातच ती जागा मिळाली होती.

एका पावसाळ्यात नदी ओलांडताना काठाची कड कोसळली आणि अंजनाच्या डोळ्यांदेखत एक पिल्लू वाहून गेले. चूक त्याची नव्हती. तो मात्र त्याविषयी कोणाशीच बोलला नाही. रानाच्या कडेला माणसे मोहाची दारू गाळीत. त्यांच्या आंबवणाच्या माठांत एका संध्याकाळी अंजनाने सोंड घातली, आणि मग रोजच घालू लागला.

तो झुडपांत पडून राही. कुमुदा त्याला तिथे चारा नेऊन देई आणि कळपाला सांगे, "त्याला ताप आलाय." तरुण सुळेवाल्यांनी त्याला सोंडेने बडवून पाहिले. त्यामुळे तो फक्त गुपचूप निसटायला शिकला. कळपातली सर्वांत म्हातारी हत्तीण, जिला सगळे आत्या म्हणत, ती चारचौघांत बोले, "आला बघा राजा! वास आधी, हत्ती मागून." अंजनाची मान खाली जाई, आणि त्याच संध्याकाळी तो पुन्हा माठाकडे वळे.

माणसांनी माठांकडच्या वाटेवर त्याला पकडायला खड्डा खणायला घेतला. तेव्हा आत्या म्हणाली, "हाकलून द्या त्याला."

बोधिसत्त्वाने विचारले, "आत्या, तो जाईल कुठे?"

"जाईल कुठे? माठाकडे!"

"मग हाकलून काय साधलं?"

आत्याने नुसते कान फडफडवले.

अंजन नशेत असेपर्यंत बोधिसत्त्व त्याला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात, त्याच्या पाठीवर चिखल उडवता उडवता त्याने विचारले, "तिकडे तुला काय मिळतं रे?"

सोंडेने पाणी ढवळत अंजन म्हणाला, "मामा, तिथं ते पिल्लू ओरडत नाही."

बोधिसत्त्वाने उपदेश केला नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो त्याच्याजवळ पाण्यात उभा राहिला, आणि अंजन त्या दिवसाविषयी पहिल्यांदा बोलला.

मग बोधिसत्त्वाने कळप गोळा केला. तो म्हणाला, "कुमुदे, त्याचा चारा त्यानेच खुडू दे. तापाचं खोटं आता नको. आणि तू पोटभर खा, तुझ्या बरगड्या दिसायला लागल्यात." अंजनाला म्हणाला, "प्यायलेला असशील तर पिल्लांत यायचं नाही. शुद्धीत असशील तर माझ्या शेजारी चालायचं. धारेकडे सध्या मी उभा राहीन. पण तू या कळपाचा आहेस, ते कोणी काढून घेऊ शकत नाही." शेवटी सर्वांना म्हणाला, "औंदा मोहाच्या बनातून कोणीच जायचं नाही."

"म्हणजे?" आत्या ओरडली. "एकाच्या सोंडेपायी मी या वयात मोहाची फुलं सोडायची?"

"हो, आत्या."

"बरं. पण मग कोवळा बांबू आधी मला."

आणि बांबूच्या रानाकडे पहिली वळली ती तीच.

अंजनाचे चांगले दिवस येऊ लागले. मधेच तो घसरे आणि खड्डा चुकवून आडवाटेने माठांकडे जाई. तो परत येईपर्यंत बोधिसत्त्व त्या वाटेच्या तोंडाशी थांबून राही. बोधिसत्त्व रागावत नसे आणि ठरलेला नियमही मोडत नसे. हळूहळू चांगले दिवस वाढले.

पुढच्या पावसाळ्यात नदी फुगली. अलीकडचा चारा संपला होता, पार जाणे भागच होते. काठावर बोधिसत्त्व म्हणाला, "अंजना, आज धारेकडे तू."

कुमुदेचे डोळे भरून आले. पण अंजनाचे पाय हलेनात. ती जवळ गेली आणि तिला वास आला.

ती हळूच म्हणाली, "गप्प राहा, बाळा. कोणाला कळणार नाही. किती दिवसांनी मान मिळतोय, तो घालवू नकोस."

अंजनाने पिल्लांकडे पाहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे तो बोलला, "मामा, काल संध्याकाळी मी प्यायलो. मला धारेकडे ठेवू नका. आज माझ्या पायांचा भरवसा नाही."

कोणी हसले नाही. बोधिसत्त्वाने त्याच्या गंडस्थळावर सोंड ठेवली. "आज पिल्लांना तूच सांभाळलंस," तो म्हणाला.

मग तो स्वतः धारेत उतरला. अंजनाला त्याने रांगेच्या मधोमध घेतले, आणि त्याचे शेपूट सोंडेत धरून त्याच्यामागे आत्या चालली. पाणी असे होते की बोधिसत्त्वाचाही पाय एकदा सुटला. डळमळत्या पायांचा हत्ती तिथे असता तर काय झाले असते, हे सर्वांनी पाहिले. सगळी पिल्ले सुखरूप पार झाली.

पलीकडे दुसरा कळप चरत होता. त्यातला एक हत्ती म्हणाला, "तो दारुड्या तुमच्यातलाच ना?"

आत्याने मान वर केली. "तोच! आमचा अंजन. चूक करून सगळ्यांसमोर खरं सांगणारा असा एक तरी दाखव तुमच्यात."

ते ऐकून कुमुदेनेही मान वर केली.

त्यानंतरही अंजन एकदोनदा घसरला, पण लपला नाही. पुढे कित्येक पावसाळे धारेकडे तोच उभा राहिला.

इतके सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, आज या सभेत उठून ज्याने आपले व्यसन स्वतः सांगितले, तो उपासक सुदंत त्या वेळी अंजन होता. त्याची आई तेव्हा कुमुदा होती. भिक्षा वाढताना तुम्हाला रोज चार शब्द ऐकवणारी वृद्ध उपासिका म्हणजे ती आत्या. कळपाचा नायक मीच होतो. आपल्या माणसाचा दोष न झाकता, त्याला न टाकता जो त्याच्या शेजारी उभा राहतो, त्याच्या त्या गुणाला मैत्री म्हणतात."